रकाना सात: मूळ स्वरूपातील बदल

रकाना १. अर्जदार.
शिशिर श्यामकांत पोफळी, वय एकसष्ट, तात्यापारा, रायपूर.

रकाना ४. जुन्या घरांच्या योजनेत कोणता लाभ हवा? मालमत्ता करात सूट / दुरुस्तीला साहाय्य / रस्ता रुंदीकरणातून वगळणे.
तिसरा. पहिले दोन तुमच्याकडेच राहू द्या. रस्ता नऊ फूट आत येणार आहे. आमची ओसरी आठ फूट, तिच्यामागे घराची पहिली भिंत. यादीत नाव आलं तर घर राहील, नाही तर जाईल.

रकाना ७. मूळ स्वरूपात केलेले बदल, कारणांसह (पन्नास शब्दांत).
पाहणीचं पत्र बारा दिवस आधी आलं. माझ्या बायकोनं, मंजिरीनं, ते दोनदा वाचलं.
"साहेब बसतील कुठं?"
"ते घर पाहायले येऊन राहिले, बसायले नाही."
"पोरगी पाहायले येतात ते बी बसतातच न जी!"
आमच्याकडे कुणी पाहायला येणार म्हटलं की पोपडे दाखवत नाहीत. चुन्याचा गिलावा खरवडून पुट्टी भरली. सागवानी दाराला मेहरून ऑइल पेंट दिला. चौकटीवर 'शके १८१२' कोरलं होतं, रंगाऱ्याला ती भोकं वाटली, त्यानं बुजवली. छपराचे कवेलू नेमके साहेबांच्या खुर्चीवर गळत होते, म्हणून ओसरीवर निळा पत्रा. रविवारी मुलगा सौमित्र नवा रायपूरहून आला. "पापा, एकदम नया लग रहा है!"
आम्हाला आनंद झाला.

रकाना ७, मागील पानावर. शब्द संपले, गोष्ट संपली नाही.
साहेब नव्हते, मॅडम आल्या. देवश्री मॅडम, नागपूरकडच्या. हातात टेप. दाराशी थांबल्या.
"काका, जुनं घर कोणतं?"
"हेच."
त्यांनी नखानं रंग खरवडून पाहिला. "काहून केलं हो काका हे?"
"तुम्ही येणार म्हणून," मंजिरी म्हणाली, आणि चहा पुढं केला.
"पत्रात खाली लिहिलं होतं न, पाहणीपर्यंत काही बदलू नका."
लिहिलं होतं. दर्शनी भागातलं निम्मं साहित्य मूळचं हवं, हेही होतं. मॅडमनी मनापासून शोधलं. ओसरीच्या पायऱ्या तेवढ्या मूळच्या निघाल्या. पण त्या नकाशात आधीच रस्त्यात धरलेल्या. मॅडमनी चहा संपवला, कप स्वतः आत नेऊन ठेवला. त्यावरूनच मी समजलो.

रकाना ९. मूळ साहित्य परत बसवणे शक्य आहे काय?
कवेलू गल्लीच्या टोकाला नव्या इमारतीच्या पायात गेले. गिलाव्याची धूळ झाली. दार मंजिरी आठ दिवस ब्लेडनं खरवडते आहे. रंगाबरोबर लाकूड निघतं. काल मी ब्लेड हातातून घेतलं तर म्हणाली, "मले करू द्या." करू दिलं.

रकाना ११. स्वाक्षरी.
केली. पण कचेरीच्या खिडकीवर अर्ज घेतलाच नाही, म्हणून पुढचं याच्याच पाठीवर लिहितो.
बाबू म्हणाला, "हव भैया, आप सही बोल रहे हो। लेकिन सूची तो निकल गई।" आणि दुसरा फॉर्म सरकवला. रस्त्यासाठी संमती.
"साइन कर दो पापा," सौमित्र म्हणाला. "नहीं तो मुआवज़ा भी जाएगा।"
"तुले काही वाटत नाही का रे?"
"लगता है पापा। साइन कर दो।"
तो फॉर्म अर्ध्या पानाचा आहे. कारणं विचारत नाही. नाव, घर नंबर, आणि घर रिकामं करायला सोयीचा दिवस. मी रविवार लिहिला, सौमित्रला सुट्टी असते.
"रविवार को तोड़ाई नहीं होती," बाबू म्हणाला, आणि रविवार खोडून त्यानंच सोमवार केला.