अक्ती ते अक्ती

अंगठ्याला थुंकी लावून जमादार जागेश्वरांनी पुस्तकाचं पान उलटलं आणि समोर उभ्या विमलाबाईंना, जणू त्यातही त्यांचाच हात असावा अशा नजरेनं, सांगितलं,

"हे कलम आधी चारशे एक्याण्णव होतं. नव्या कायद्यात तीनशे सत्तावन्न झालं."

विमलाबाईंनी मान हलवली. आकडा उतरला म्हणजे गुन्हाही थोडा उतरला असेल, असं त्यांना वाटलं. पण जमादारांनी पुढं वाचलं तर दंड दोनशेवरून पाच हजारांवर चढला होता. तीन महिन्यांची कैद जिथल्या तिथं होती.

जमादारांनी अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत दारू, कोंबडीचोरी आणि शेताच्या धुऱ्यावरची डोकेफोड एवढंच लिहिलं होतं. असहाय माणसाच्या सेवेचा करार करून ती मुद्दाम न करणं हाही गुन्हा असतो, हे त्यांना आज सकाळी कैलाशनं मोबाइलवर दाखवलं. नागपूरला नोकरी करणारा हा मुलगा लकवा झालेल्या बापाला, पुंडलिकरावांना, पुरावा म्हणून गाडीत घालून घेऊन आला होता. पुरावा आता पंख्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. उजवं अंग निर्जीव, डावं ठीक. तोंडातून आवाज यायचा, पण तो कळायचा फक्त विमलाबाईंना.

"वर्षभर बाबांना सांभाळायचं, असं स्टॅम्पपेपरवर लिहून दिलंय हिनं," कैलाश म्हणाला. "मागच्या दहा मेपासून. आणि ही तीस एप्रिललाच निघून गेली. बाबांना एकटं टाकून."

कागद टेबलावर होता. लाखनीच्या अर्जनवीसानं सालदार गडी ठेवायचा त्याच्याजवळचा जुना मजकूर काढून, 'बैलजोडी व वखर' खोडून तिथं 'औषधपाणी व आंघोळ' असं लिहिलं होतं. मुदत तशीच राहिली होती. अक्ती ते अक्ती.

जमादार उठले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेले. अक्ती म्हणजे अक्षय्य तृतीया मागच्या वर्षी दहा मेला आली होती; यंदा ती तीस एप्रिललाच होती.

"साल तर भरलं, कैलाशभाऊ."

"वर्ष बारा महिन्यांचं असतं, साहेब. दहा दिवस कमी आहेत."

जमादार खाली बसले. दोघांचंही त्यांना पटत होतं, आणि हीच अडचण होती.

विमलाबाईंना तर आपण काय केलं हेच उमगत नव्हतं. अक्तीचा सण त्यांच्या घरातून वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हाच गेला. पण मजुरीचं साल काही दीक्षा घेत नाही; ते अक्तीलाच सुटायचं. त्या दिवशी मालकानं विचारायचं असतं, पुढचं साल धरता का. यंदा त्या दिवशी त्यांनी पुंडलिकरावांना आंघोळ घातली, भात भरवला आणि ओसरीवर बसून दिवेलागणीपर्यंत कैलाशच्या फोनची वाट पाहिली. मग शेजारच्या पार्वताबाईंना रात्री झोपायला बोलावून त्या घरी गेल्या. दोन दिवसांनी कैलाश आला, आणि आज ठाण्याचं बोलावणं.

"होळीले सांगितलं होतं तुमाले, अक्तीले सुटतो म्हणून," त्या कैलाशला म्हणाल्या. "तुमी म्हणाले, पाहू."

"पाहू म्हणालो म्हणजे थांबा असंच ना?"

जमादारांनी मग फिर्यादीच्या बापाकडं मोर्चा वळवला.

"काकाजी, बाई साल भरून गेली का मधातच गेली?"

पुंडलिकरावांचं तोंड वाकडं झालं, त्यातून काही घरघरलं. जमादारांनी आपसूक विमलाबाईंकडं पाहिलं.

"काय म्हणून राहिले?"

"मी नाही सांगत," विमलाबाई म्हणाल्या. "सांगितलं तर तुमी म्हणाल, आपल्याच बाजूनं सांगून राहिली."

हे जमादारांना पटलं. त्यांनी आवाज चढवला, "साल भरलं असंन, तर डावा हात वर करा."

डावा हात वर गेला आणि तिथंच राहिला. शेवटी विमलाबाईंनी तो धरून खाली घेतला.

कैलाश खिडकीबाहेर हायवेवरचे ट्रक पाहू लागला. जमादारांनी पुस्तक परत उघडलं.

"अन् आता काकाजीले कोण पाहते?"

"मी. तीन दिवसांची सुट्टी आहे. नंतर बघू."

"तुमचा कागद?"

"मी मुलगा आहे, साहेब. मला कागद कशाला?"

जमादारांनी बोट ठेवून कलम सावकाश वाचलं, पुन्हा वाचलं. "बरोबर आहे. कराराचा माणूस सोडून गेला तरच हे लागते. तुमी किती बी दिवस नाही आले, तरी तुमच्यावर हे लागत नाही."

त्यांनी ते निव्वळ माहिती म्हणून सांगितलं. कैलाशला मात्र ते ऐकून सुटल्यासारखं वाटलं नाही.

तेवढ्यात पुंडलिकराव बोलू लागले. बराच वेळ बोलले. लाळ गळली, मान थरथरली. तिघांत एकट्या विमलाबाईंना ते कळलं. नवा कागद करा, ते म्हणत होते. नाव कैलाशचं घाला. अक्ती ते अक्ती.

"काय म्हणतात बाबा?" कैलाशनं विचारलं.

विमलाबाईंनी पदरानं म्हाताऱ्याची हनुवटी पुसली. पुंडलिकराव त्यांच्याकडं टक लावून पाहत होते. त्या कोपऱ्यातल्या माठाकडं गेल्या, ग्लास भरला आणि आणून कैलाशच्या हातात दिला.

"तहान लागली म्हणतात. मान थोडी पुढं करा. घोट लहान द्या, नाही तर ठसका लागते."

"एवढं लांब बोलले, ते नुसतं पाण्याचं?" जमादारांनी विचारलं.

"एका शब्दालेच लय वेळ लागते त्यायले, साहेब."

कैलाश गुडघ्यांवर बसला. पहिला घोट अर्धा सदऱ्यावर सांडला, दुसरा थोडा कमी. ग्लास रिकामा झाल्यावर त्यानं बापाच्या तोंडाकडं निरखून पाहिलं.

"आणखी?"

डावा हात वर गेला. या वेळी विमलाबाईंकडं कोणी पाहिलं नाही.