बिनखुणेचा सांधा

आमच्या कारखान्यातली पत्र्याची पट्टी थांबवायची नसते. एक कॉइल संपत आली की तिच्या शेपटाला दुसरीचं तोंड वेल्ड करायचं आणि सोडायचं पुढे. ते काम माझ्या धाकट्या दिराचं. मी पार दुसऱ्या टोकाला, चेंबरातून लेप चढून आलेली पट्टी गुंडाळते. सांध्याशेजारी तो पंचानं भोक पाडतो. भोक दिसलं की मी तेवढा तुकडा कापून भंगारात टाकते. लेपाखाली सांधा दिसत नाही आणि दाबाखाली तो टिकत नाही.

रजा संपवून मी त्या दिवशीच कामावर आले होते. रोलरवर ‘टक्’ झालं. सांध्याचाच आवाज, पण भोक कुठंच नाही. सरळ यंत्र थांबवलं आणि तरातरा त्याच्याकडे गेले.

“भावजी, भोक कुठाय?”

“पंच मोडलाय, वहिनी. पण खूण करतोय की. मार्करनं, चांगली ठळक.”

“आणि लेपाआधी चेंबरात काय होतं पट्टीचं?”

“साफ होते. अगदी तेलाचा डागसुद्धा...” एवढं बोलला आणि पांढराफटक पडला.

“अहो, डोकं कुठं गहाण ठेवलंत? कधीपासून चाललंय हे?”

“तुम्ही रजेवर गेलात तेव्हापासून.”

त्याच पट्टीच्या प्लेटा एकावर एक रचून पाण्यातून हायड्रोजन काढणारा संच तयार झाला होता. आज त्याची दाबाची चाचणी. ती घेणारा माझा नवरा, ह्याचा सख्खा भाऊ.

फोन लावला, तर तो बाहेरच्या कपाटातच वाजत राहिला. गॅसजवळ फोन नेत नाहीत. मी धावत सुटले. चाचणीखोलीच्या दारावर लाल दिवा लागला होता, म्हणजे गॅस सुरू आणि दार आतून बंद. गॅस तोडायचं बटणही आतच, त्याच्या टेबलावर. हायड्रोजनला ना वास ना रंग. सांधा उकलला तर कळायच्या आत सगळं संपलेलं असतं.

मी दाराच्या काचेवर मुठी आपटल्या. “बंद कर! बाहेर ये रे!” काच मेली हातभर जाड. त्यानं वळून पाहिलं.

सकाळी आम्ही कडाकडा भांडून घरातून निघालो होतो. भांडण झालं की पडतं घ्यायला मीच ह्या काचेशी येते, हे त्याला पाठ झालंय.

तो हसला. दोन्ही हात वर केले, हरलो म्हणून. एवढं संपवून आलोच, अशी मान हलवली आणि दाब वाढवायची कळ फिरवायला वळला.