आंधळी नळी

मुलांनो, समजा तुमच्या हातात एक रिकामी बाटली आहे. तिच्या तोंडाशी ओठ नेऊन हळूच फुंकर घाला. ऊंऽऽ. आला आवाज? आता समजा, ती बाटली पोलादाची आहे, तुमच्याहून लांब आहे, आणि फुंकर तुम्ही घालत नाही, एक इंजिन घालतंय. इंजिनाच्या पोटात सारखे छोटे छोटे स्फोट होत असतात आणि प्रत्येक स्फोटाचा धूर त्या नळीतून बाहेर पडतो. मग केवढा ऊं निघेल! तो ऊं मनात धरून ठेवा आणि माझ्याबरोबर एका गॅरेजात चला.

टायरचं दुकान आणि फर्निचरचं गोदाम यांच्या मधोमध हे गॅरेज होतं. इथे बिघडलेल्या गाड्या येत नसत. चांगल्या धडधाकट गाड्या यायच्या आणि आणखी वेगवान होऊन जायच्या. एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ मिळून ते चालवायचे. बहीण सायलेन्सर घडवायची, म्हणजे नळ्या कापायची, वाकवायची, जोडायची. भाऊ इंजिनाचं बघायचा. बहिणीची मुलगी अकरा वर्षांची. वेल्डिंग चालू असलं की डोळ्यांसमोर काळी काच धरून ती ठिणग्या बघत बसायची, म्हणून मामाने तिचं नाव ठिणगी ठेवलं आणि तेच चिकटलं. तिचे बाबा मालवाहू जहाजावर होते. घरी यायचे ते पाहुण्यासारखे.

मामाला एक खोड होती. काम करताना तोंड मिटून तो नाकातून सूर लावायचा. गाणं नव्हे, एकच सूर, आणि तोही किंचित उतरलेला.

"अरे भुंग्या, गप की जरा!" आई ओरडायची.

"मी कुठे काय करतोय? इंजिन गातंय."

"इंजिन बंद आहे."

"मग त्याला शिकवतोय."

एकदा त्यांच्याकडे दातांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी आली. दोनच माणसांची, आणि इतकी बुटकी की तिच्यात बसणं म्हणजे जवळजवळ जमिनीवरच बसणं. बाई सुट्टीच्या दिवशी ती शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायच्या. "आठवडाभर मी लोकांची तोंडं उघडते," त्या म्हणाल्या, "आता तुम्ही हिचं उघडा."

मामाने बेत आखला. इंजिनात जास्त हवा कोंबणारा मोठा टर्बो, धूर अडखळणार नाही अशा रुंद नळ्या, आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये नवी आकडेमोड. टर्बो त्याने स्वतः बसवला. आणि एका सकाळी तो उठलाच नाही. झोपेतच त्याचं हृदय थांबलं होतं.

गॅरेज बरेच दिवस बंद राहिलं. मग आईने शटर उघडलं आणि राहिलेलं काम एकटीने हाती घेतलं. तिने सायलेन्सर घडवला, बसवला, आणि गाडी मागच्या चाचणीच्या खोलीत नेली. त्या खोलीत जमिनीत रोलर बसवलेले होते. गाडीला पट्ट्यांनी बांधायचं आणि इंजिन चालवायचं. चाकं रोलरवर गरगर फिरतात, गाडी मात्र जागची हलत नाही. सायलेन्सरच्या तोंडाला एक जाड पाइप लावलेला असतो, तो धूर बाहेर नेतो. शिवाय भिंतीत खोलीतली हवा ओढणारा मोठा पंखा.

आईने अॅक्सिलरेटर हळूहळू दाबला. इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा काटा चढत चढत तीन हजारांच्या जरा अलीकडे आला आणि खोली घुमली.

ऊंऽऽ.

एकच सूर. किंचित उतरलेला.

आईचा पाय तसाच थांबला. "ऐकलंस?"

"मामा," ठिणगी म्हणाली. तिच्या हातावर काटा आला होता.

आता खरं सांगायचं तर या धंद्यात असं घुमणं हा दोष समजतात. नळी रुंद केली की एखादा सूर तिच्यात अडकतो आणि चालवणाऱ्याच्या डोक्यात भुणभुणत राहतो. त्यावर उपायही आहे आणि तो मामानेच ठिणगीला समजावला होता. मुख्य नळीला एक फांदी जोडायची, पुढून बंद असलेली. तिला म्हणायचं आंधळी नळी. सूर तिच्यात शिरतो, बंद टोकावर आपटून परत फिरतो. लांबी अचूक असेल तर तो नेमका उलटा होऊन परत येतो. झोका आपल्याकडे येत असताना कुणी समोरून उलटा ढकलला तर काय होईल? जागीच थांबेल. तसा सूर सुराला थांबवतो.

डॉक्टरीणबाई गाडी फिरवून आल्या त्या कपाळ दाबतच. "अहो ताई, पळते तर वाऱ्यासारखी! पण हे घूं घूं काय? माझ्या पेशंटना माझ्या ड्रिलचं काय वाटत असेल ते आज कळलं."

"सवय होईल," आई म्हणाली.

"निघणार नाही का?"

"नाही निघत हो. या नळीचा स्वभावच तसा आहे."

ठिणगी चमकून आईकडे बघत राहिली. बाई "बघा काही जमतंय का" म्हणून गाडी ठेवून गेल्या, तशी ती म्हणाली, "आई, आंधळी नळी लावली तर—"

"लावायची नाही!" आईचा आवाज एवढा चढला की शेजारचे टायरवाले काका डोकावून गेले.

त्यानंतर रोज दुपारी आई चाचणीच्या खोलीत जाऊ लागली. गाडीत बसायची, काटा त्या जागी आणायची आणि ऐकत राहायची. मामाचा पाना ठिणगीने उचलला तर म्हणायची, "जागेवर ठेव, त्याला लागेल." तिचं डोकं दुखायला लागलं. चहात साखर घातली की नाही, ते आठवेनासं झालं. एकदा ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते.

"आज तो बोलला."

"कोण?"

"भुंगा. म्हणाला, ताई, दमलीस गं, बस जरा."

ठिणगीला भीती वाटली. पण मुलांनो, खोटं कशाला सांगू, तिला हेवाही वाटला. मामा आपल्याशी का नाही बोलला? दुसऱ्या दिवशी ती आईच्या मागोमाग आत गेली आणि शेजारच्या सीटवर बसली.

खोलीत उकडत होतं. खोलीचं शटर खाली ओढलेलं होतं. सूर सुरू झाला आणि आज तो पूर्वीपेक्षा किती तरी स्वच्छ होता. तो ठिणगीच्या छातीत, दातांत, बोटांच्या टोकांत शिरला. डोकं जड झालं. आणि मग सुराच्या पोटातून, अगदी कानाशी, कुणीतरी म्हणालं, "ठिणगे, मिट डोळे."

मामाचाच आवाज. तिला इतकं बरं वाटलं की रडूच आलं. तिने डोळे मिटले. पण तेवढ्यात पोटात ढवळून आलं. सीट खराब झाली तर आई रागवेल, या एका धाकाने ती धडपडत उठली आणि बाजूच्या लहान दारातून बाहेर जाऊन भिंतीशी वाकली.

ओकून झाल्यावर ती भिंतीला टेकली. भिंतीपलीकडून सूर येतच होता. तिने कान लावला. शब्द मात्र एकही नव्हता. तिने वाट पाहिली. नुसता ऊंऽऽ. मामा आतच का बोलतो? बाहेर का नाही बोलत? तिने वर बघितलं. पंखा चालू असला की त्याच्या तोंडावरच्या पत्र्याच्या पट्ट्या फडफडत असतात. त्या लुळ्या पडल्या होत्या. पंखा बंद होता. खालच्या भोकातून धुराचा पाइप बाहेर यायचा, तिथे पाइपही नव्हता. पंख्याची घरघर सुराला झाकते आणि पाइप तो बाहेर ओढून नेतो, म्हणून आईने पंखा बंद केला होता आणि पाइप काढून टाकला होता.

मुलांनो, गोष्टीतलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा. इंजिनाच्या धुरात एक वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो श्वासावाटे रक्तात शिरतो आणि प्राणवायूची जागा बळकावतो. मेंदू उपाशी पडतो, आणि उपाशी मेंदूला कधी कधी आपल्याला हवं तेच ऐकू येतं.

ठिणगीला हे सगळं ठाऊक नव्हतं. पंखा बंद ठेवून इंजिन चालवायचं नसतं, एवढंच ठाऊक होतं. ती खोलीच्या समोरच्या बाजूला धावली, शटर खांद्याने वर लोटलं, मोठा श्वास भरून घेतला आणि आत शिरली. आईचं डोकं खिडकीवर कललं होतं. ठिणगीने किल्लीवर हात ठेवला.

"ठिणगे," तो कानाशी म्हणाला, "थांब ना."

तिने किल्ली फिरवली.

इंजिन थांबलं. रोलर थांबले. आणि सूर मात्र चालूच राहिला. बारीक, उतरलेला. गाडी बंद, पंखा बंद, मग हे कोण? तिने वाकून पाहिलं. आईचे ओठ मिटलेले होते आणि नाकातून तो सूर येत होता. आईच गुणगुणत होती. झोपेत, किंवा झोपेच्याही पलीकडे कुठेतरी.

गाडीखाली शिरायला मेकॅनिक चाकांची एक फळी वापरतात. ती ठिणगीने दाराला भिडवली आणि आईच्या काखांत हात घालून तिला ओढलं. सीट इतकी खाली होती की आई फळीवर जवळजवळ आपोआप घसरली. तिला ढकलत ठिणगी उजेडात आली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "टायरवाले काकाऽऽ!"

दवाखान्यात आईला कितीतरी वेळ प्राणवायू दिला. शुद्धीवर आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मग म्हणाली, "तो मला बस म्हणाला होता, गं."

"मला डोळे मिट म्हणाला."

आईने झटकन कूस बदलली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तुलाही?"

ठिणगीने मान डोलावली. आईने तिचा हात घट्ट धरला आणि रात्रभर सोडला नाही.

दवाखान्यातून सुटल्यावर आईने चाचणीच्या खोलीचं शटर पार वर सरकवलं, पाइप जोडला, पंखा लावला आणि गाडी चालू केली. ठिणगीला वाटत होतं, सूर त्या वायूबरोबरच गेला असेल. पण काटा तिथे आला आणि ऊंऽऽ. तसाच. वायूने फक्त शब्द घातले होते. सूर वायूचा नव्हता. मग कुणाचा होता? ते मला आजही सांगता येत नाही.

आईने इंजिन बंद केलं. "चल," ती म्हणाली, "लांबी मोज."

दोघींनी आंधळी नळी कापली. ठिणगीने ती धरून ठेवली आणि आईने जोडली. टोकाचं झाकण बसवताना आईचा हात एकदा थांबला. मग ठिणग्या उडाल्या.

पुन्हा गाडी चालू झाली. काटा चढला, तीन हजारांच्या अलीकडे आला आणि पुढे सरकला. त्या जागी काहीच नव्हतं. पायऱ्या उतरताना अंधारात एक पायरी नसावी आणि पाय पोकळीत पडावा, तसं दोघींना झालं. आईने पुन्हा काटा खाली आणला, पुन्हा वर. काहीच नाही. तिसऱ्यांदाही तिने तेच केलं आणि तिचे डोळे भरून आले.

ठिणगीने गाडीचे पट्टे एकेक करून सोडले. मग ती आईच्या शेजारी जाऊन बसली, दार लावलं आणि म्हणाली, "आई, आता हिला रस्त्यावर काढ."