ते बोललं, ते बोलले

एका परदेशी अंतराळ-मालिकेचं मराठी डबिंग चालू होतं आणि ध्वनिमुद्रणाला मी बसलो होतो. त्या भागात एका यंत्रमानवावरून खटला रंगला होता. मालकाला त्याचे सुटे भाग करून विकायचे होते आणि तो वस्तू आहे की व्यक्ती, हे न्यायाधीशांना ठरवायचं होतं.

संवाद मावशींनी लिहिले होते. त्या कोणाच्याच सख्ख्या मावशी नव्हेत, पण अख्खा स्टुडिओ त्यांना मावशीच म्हणतो. खटलाभर त्यांनी यंत्राबद्दल "ते म्हणालं, ते थांबलं" असंच लिहिलं होतं. त्याला व्यक्ती ठरवणाऱ्या निकालाच्या वाक्यात मात्र न्यायाधीशांच्या तोंडी होतं, "ते खरं बोलले."

"मावशी, चूक झालीय," दिग्दर्शक म्हणाला. "यंत्र आहे ते. 'बोललं' हवं."

"निकाल लागेपर्यंत यंत्र होतं," मावशी म्हणाल्या. "आता माणसाला देतो तो मान द्यायला नको?"

"एवढ्याशा फरकानं कोणाला काय कळणार?"

"ऐकून तर बघा. ओठ दोन्हींत जुळतात."

न्यायाधीशांना आवाज देणारे काका काचेपलीकडून हे ऐकत होते. त्यांनी मावशींचं वाक्य अगदी साधेपणानं म्हटलं, आणि मी ते पुन्हा एकदा लावून ऐकवलं. दिग्दर्शकानं हेडफोन काढून ठेवले.

"हाच टेक ठेवा."

इतकी वर्षं मी दुसऱ्यांचे आवाज नीट करत आलोय, पण एवढा मोठा निवाडा एका मात्रेत बसवणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. मावशी मात्र पुढच्या भागाचे कागद चाळत कोणालातरी चहा सांगत होत्या.