बांधावरचे शंखदगड

आमच्या शेताच्या बांधावर जे शंखदगड मांडलेत, ते मी मांडले. अख्ख्या गावात कुणाच्या बांधावर एवढे नाहीत, आणि हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतही आले. त्या बढाईपायीच तो गुलेरिया आमच्या दारात आला.

खालच्या मुलखातला, कुठल्याशा सरकारी खात्यातला पोरगा. स्पीतीची हवा त्याला पुरत नव्हती. लामांनी पेरणीचा दिवस काढून दिला होता, परवाचा. आणि हा आमच्या शेताभोवती लाल खुंट्या ठोकत होता.

"अम्माजी, या शेतात आता नांगर चालवायचा नाही. इथे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे जीव आहेत."

"मग हिवाळाभर आम्ही तेच चावायचे का?"

माझी सून छिमे पदराआड हसली.

"भरपाई मिळेल."

"आमच्याकडे उन्हाळा एकच येतो. तो भरून देशील?"

मग त्याने मला शिकवायला घेतलं. म्हणे इथे समुद्र होता, त्याच्या तळाच्या चिखलात हे शंखातले जीव मेले, दगड झाले. पुढे जमिनीवर जमीन आदळली, तळ वर उचलला गेला, डोंगर झाले. "म्हणून ते तुमच्या शेतात आहेत. बांधाजवळ तर नुसता खच पडलाय!"

"खच आहे, कारण तिथे आम्ही टाकतो."

तो बांधाकडे वळून बघू लागला.

बर्फ उतरला की घरच्या बायका पाठीवर टोपल्या घेऊन शेतातले दगड वेचतात. माझ्या सासूने वेचले, तिच्या सासूने वेचले. त्या बांधात आमच्या पाठी गेल्यात. आणि हा म्हणतो, समुद्राने रचला!

"पण शेतात दगड येतात कुठून?"

"चल, दाखवते."

वाटेत तो तीनदा बसला. तिसऱ्यांदा म्हटलं, "साहेब, डोंगराला वर यायला कोट्यवधी वर्षं लागली म्हणतोस, तू पण तेवढीच घेणार का?"

शेताच्या वरच्या घळीत पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. काळा कडा पापुद्र्या-पापुद्र्याने सुटत होता. भेगांतला बर्फ टपटपत होता. आमच्या देखत एक पापुद्रा निसटला आणि मुठीएवढा गोल दगड गडगडत त्याच्या बुटापाशी आला. मी दुसऱ्या दगडाने तो फोडला. आत शंखाचा वेढा, एकेक वळ उठलेला. त्याच्यावर आजवर कुणाची नजर पडली नव्हती. गुलेरिया मटकन खाली बसला, या वेळी दम लागून नाही.

"वर उचललं तुझ्या जमिनीने, कबूल," मी म्हटलं. "पण उघडं करतो तो बर्फ. भेगेत गोठतो, भेग फाकवतो, उन्हात सुटतो. पुढे पाणी त्या दगडाला पाटाने माझ्या शेतात आणून टाकतं. आणि पडून राहिला तर चार हिवाळ्यांत भुगा. आम्ही वेचला नसता तर तू कशाच्या भोवती खुंट्या ठोकल्या असत्यास?"

"मग खुंट्या इथे हव्यात," तो पुटपुटला.

"ठोक की. पुढच्या उन्हाळ्यात त्या खाली नदीत शोधायला ये."

खाली आलो तर याची वेगळीच रड. "मला पटलं, अम्माजी. पण वरून हुकूम आल्याशिवाय खुंट्या काढता येत नाहीत. पंधरा दिवस थांबा."

"तुझा कागद थांबेल, पेरणी थांबायची नाही."

पहिली खुंटी मी उपटली. छिमेला एरवी एक काम चारदा सांगावं लागतं. त्या दिवशी न सांगता ती दुसऱ्या टोकाला लागली.

"माझी नोकरी जाईल हो!"

"तुझं नाव कशाला? लिही, बुतिथने उपटल्या. कुणी जाब विचारला तर त्याला इकडे पाठव. त्यालाही घळीपर्यंत चालवते."

मग खाली बसून त्याने खरंच लिहिलं, आणि माझं नाव बरोबर लिहिलंय ना, म्हणून मला वाचूनही दाखवलं.

ठरल्या दिवशी मुलाने याक-गाईच्या संकरातल्या झोची जोडी नांगराला जुंपली आणि मागून मी बी टाकत गेले. कागद अजून आलेला नाही. वाटाणा वीतभर झालाय. ज्याला तो उपटायचा असेल, त्याने आधी माझ्यासमोर उभं राहावं.