आडव्या रेघा

लाइल व्हँडेकारची घडीची खुर्ची कुठे पडणार, हे क्लबातल्या सगळ्यांना पाठ होतं. फ्लिंट गावाच्या आसपास जुन्या गाड्यांचं प्रदर्शन कुठेही भरो, त्याची सत्तर सालची हिरवी शेव्हेल मैदानात उभी राहिली आणि बॉनेट उघडलं, की पुढच्या उजव्या चाकाला खेटून ती खुर्ची मांडली जायची. मग संध्याकाळपर्यंत लाइल तिथून उठायचा नाही. डोक्यावर ऊन आलं तरी नाही. लोक कौतुकाने म्हणायचे, माणसाचा काय जीव आहे गाडीवर. जीव होताच, त्यात खोटं काही नाही. पण खुर्ची तिथे पडायची ती भीतीपोटी.

इंजिनाच्या उजव्या अंगाला, पुढे, डायनामोच्या आड बोटभर सपाट जागा असते. कारखान्यात तिथे नंबर ठोकतात. तो नंबर गाडीच्या नंबराशी जुळला, तर ते इंजिन त्या गाडीचं जन्माचं. शौकीन मंडळी या जुळण्यापुढे हात जोडतात, आणि जुळलं नाही तर गाडीला नाकं मुरडतात. लाइलच्या गाडीत नंबर अगदी बरोब्बर जुळत होता, कारण तो लाइलने स्वतःच्या हाताने ठोकला होता.

झालं असं, की चौऱ्याहत्तर साली त्याने गावाबाहेरच्या रस्त्यावर कुणाशी तरी शर्यत लावली, भलताच गिअर टाकला आणि इंजिनाचं पोट फाडून घेतलं. सॅगिनॉच्या भंगारवाल्याकडून तसलंच दुसरं आणून बसवलं. विषय संपला, तेव्हा नंबरबिंबर कोण बघत होतं. पुढे आठ वर्षांनी तो कामाला होता त्या कारखान्याने त्याला घरी बसवलं. मुलगी लहान, आणि तोवर अस्सल गाड्यांना भाव यायला लागला होता. एका दुपारी लाइलने गॅरेजचं दार ओढून घेतलं, कानशीने जुना नंबर घासून काढला आणि हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या ठशांनी आपल्या गाडीचा नंबर एकेक आकडा करून ठोकला. लॅन्सिंगहून गिऱ्हाईकही आलं. "इंजिन मूळचंच ना?" एवढंच त्याने विचारलं, आणि लाइलच्या तोंडून 'हो' काही बाहेर पडेना. गाडी विकायची नाही, असं सांगून त्याने त्या माणसाला वाटेला लावलं.

नंबर मात्र तिथेच राहिला. पुढच्या उन्हाळ्यात क्लबच्या प्रदर्शनात व्हर्न सॉबचॅक छोटा आरसा आणि उजेडाला हातातली बॅटरी घेऊन त्या फटीत वाकला. व्हर्न म्हणजे नटाच्या डोक्यावरून गाडी कुठल्या महिन्यात जन्मली ते सांगणारा परीक्षक. तो बराच वेळ वाकून होता. मग उभा राहिला, गुडघे झटकले आणि कागदावर 'अस्सल' असं लिहिलं. त्या दिवसापासून लाइल क्लबातला सोवळा माणूस झाला. कुणी जुन्या गाडीत नवं इंजिन घातलं, की लोक लाइलकडे बोट दाखवून म्हणत, त्याच्याकडून शिका. लाइल मान खाली घालून कॉफी ढवळत बसायचा. लोकांना तोही विनयच वाटायचा.

अशी एक्केचाळीस वर्षं गेली. बायको गेली, खुब्याचा सांधा बदलून झाला, आणि शेव्हेलचा तो जड क्लच दाबणं डाव्या पायाच्या आवाक्याबाहेर गेलं. तीन वर्षं गाडी ट्रेलरवर चढून प्रदर्शनाला यायची आणि ट्रेलरवरच परत जायची.

शनिवारी सकाळी क्लबची मंडळी कोनीच्या, म्हणजे वर खिमा-कांदा घातलेल्या हॉट डॉगच्या, हॉटेलात जमतात. एप्रिलमधल्या एका शनिवारी लाइलची मुलगी कॉलीन अचानक तिथे येऊन बसली. ती ॲन आर्बरला पोरांच्या दातांना तारा लावते आणि त्यात तिचं बरं चाललंय. तिने हॉट डॉगवरचा कांदा बाजूला सारला आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"रूबेन ट्रेव्हिनोशी बोलणं झालंय माझं. डॅडची गाडी त्याच्याकडे द्यायची. नवं इंजिन, क्लचची कटकट नाही असा गिअरबॉक्स, चारी चाकांना चांगले ब्रेक, एसी. दोन लाख डॉलरपर्यंत जाईल, ते मी बघते. डॅडनी ती चालवायला पाहिजे."

गॉर्डीने चमचा खाली ठेवला.

"दोन लाखांत आमच्या गल्लीत घर येतं," गॉर्डी म्हणाला. गॉर्डीच्या स्वतःच्या गाडीत मूळचं असं फक्त छप्पर उरलं होतं, त्यामुळे तो मनातून खूश होता. "पण बाई, तू बोललीस ते सोन्यासारखं बोललीस. गाडी चालवायला असते. आरती ओवाळायला नव्हे."

"गाडीचा फ्लोअर कापावा लागेल," व्हर्न म्हणाला. आवाज शांत होता, पण कान लाल झाले होते. "नवा गिअरबॉक्स त्याशिवाय बसत नाही. एकदा कापलं की परत येत नाही. या जिल्ह्यात अशी एक गाडी उरलीय, आणि तुम्ही तिचं पोट फाडणार."

"रूबेन कापतो ते डॉक्टरसारखं कापतो," गॉर्डी म्हणाला.

"डॉक्टर निदान पेशंटला विचारतो."

"मग विचार ना गाडीला. बघू या काय म्हणते."

"तुझ्या गाडीला विचारलं होतंस? ती बिचारी आरशात स्वतःला ओळखत नसेल."

वाद रंगला. कुणी म्हणालं, हा पैशाचा माज आहे. कुणी म्हणालं, गाडी बापाची, पैसा मुलीचा, तुमच्या पोटात का दुखतंय. वेट्रेसने तीनदा कॉफी भरली. लाइलच्या मनात वेगळीच गणितं चालली होती. हे इंजिन एकदा बाहेर आलं, की लाकडी खोक्यात घालून खिळे ठोकायचे आणि गॅरेजच्या कोपऱ्यात टाकायचं. वरून ताडपत्री. मग त्या नंबराकडे जन्मात कुणी बघणार नाही. आणि वर, गाडी पुन्हा चालवायला मिळेल.

"देऊ या रूबेनकडे," तो म्हणाला.

क्लबचा सोवळा माणूस असं बोलेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. व्हर्नने त्याच्याकडे असं बघितलं, की लाइलला नजर वळवावी लागली. कॉलीनने टेबलाखालून बापाचा हात दाबला. लाइलला एकदम हलकं वाटलं, आणि त्याने आणखी एक कोनी मागवला.

तो पुढ्यात येईपर्यंतही हे सुख टिकलं नाही.

"माझं एक ऐका," गॉर्डी म्हणाला. "व्हर्नचंही समाधान झालं पाहिजे. जुनं इंजिन क्लबच्या हॉलमध्ये स्टँडवर ठेवू. आणि नंबरावर कागद धरून पेन्सिलीने छाप काढू, मोठा फोटो घेऊ, फ्रेम करून वर लावू. बाकीच्या क्लबांनाही फोटो पाठवू. जळू देत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. लाइलच्या तोंडचं पाणी पळालं.

"काही गरज नाही," व्हर्न तुटकपणे म्हणाला. "इंजिनाला हात लावू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. छाप नको, फोटो नको, काही नको."

"रुसलाय तो," गॉर्डी डोळा मारून म्हणाला. "छाप त्यालाच काढायला लावू, म्हणजे येईल ताळ्यावर."

पुढचे तीन आठवडे लाइलला धड जेवण गेलं नाही. व्हर्नने तर बोलणंच टाकलं होतं. रूबेनला फोन करून सगळं रद्द करावं, असं लाइलच्या रोज मनात यायचं. पण कॉलीन दर दुसऱ्या दिवशी सीटच्या कातड्याचे नमुने पाठवत होती, आणि तिचा आनंद मोडायचा धीर त्याच्यात नव्हता. शेवटी त्याने ठरवलं, की छाप काढायच्या आधीच व्हर्नला सांगून टाकायचं. चारचौघांत तोंडघशी पडण्यापेक्षा ते बरं. चाळीस वर्षांची दोस्ती जाईल, क्लब जाईल. व्हर्न आपल्याला माफ करणार नाही, याविषयी त्याला शंका नव्हती. ज्या परीक्षकाची नजर कधी चुकली नाही, त्याला त्याने मूर्ख बनवलं होतं.

इंजिन उतरवायच्या दिवशी रूबेनच्या वर्कशॉपबाहेर पंधरा-वीस गाड्या लागल्या. कुणीतरी डोनट्सची दोन खोकी आणली होती. रूबेनने साखळ्या अडकवल्या, इंजिन हळूहळू वर आलं आणि लोखंडी स्टँडवर बसलं. त्याने डायनामो खोलून बाजूला ठेवला. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा ती बोटभर जागा उघडी पडली.

गॉर्डी फोन पुढे धरून सरसावला. व्हर्नने हात आडवा घातला.

"छाप मी काढणार ना? मग मला माझ्या पद्धतीने काढू द्या. सगळे बाहेर. रूबेन, तुम्ही पण. माझ्या कानाशी कुणी डोनट चावलेला मला चालत नाही. लाइल, तू थांब. बॅटरी धर."

मंडळी कुरकुरत बाहेर गेली. व्हर्नने आतून दार लावलं. लाइलने बॅटरी धरली.

"व्हर्न," तो म्हणाला, "कागद लावायच्या आधी मला तुला काही सांगायचंय. हा नंबर…"

"आडवी का घासलीस रे?" व्हर्न म्हणाला.

"काय?"

"कानस. कारखान्यातल्या मशीनच्या रेघा इंजिनाच्या लांबीने जातात. तू आडवी घासलीस. आणि हा चारचा आकडा हार्डवेअरच्या दुकानातला आहे. एवढं सगळं करायचं, तर जरा नीट तरी करायचं. एक्केचाळीस वर्षं मला हे तुला विचारायचं होतं."

लाइलने बॅटरी खाली ठेवली. शेजारी टायर पडला होता, त्यावर बसला.

"तुला माहीत होतं."

"आरशात बघितलं आणि दहा सेकंदांत कळलं. उरलेला वेळ मी तिथे वाकून विचार करत होतो, की काय लिहावं."

"मग अस्सल का लिहिलंस?"

व्हर्न त्याच्याकडे न बघता पेन्सिलीला टोक काढत बसला. "तू अकरा महिने घरी बसला होतास. शिफ्ट सुटायच्या वेळी कारखान्याच्या गेटपाशी येऊन उभा राहायचास. मी आत कामावर, मला खिडकीतून दिसायचास. आणि त्या दिवशी प्रदर्शनाला तू शर्टाला इस्त्री करून आला होतास. सगळे टी-शर्टवर, आणि तू कडक कॉलरचा शर्ट घालून गाडीशेजारी उभा. मी वर तोंड केलं तर समोर तू. मला दुसरं काही लिहिता आलं नाही."

लाइलला वाटलं आपण रडणार, आणि तो रडलाच. व्हर्नने त्याला हात पुसायचं फडकं दिलं. त्याला ग्रीस लागलेलं होतं, ते लाइलच्या नाकाला लागलं.

"आणि मग हॉटेलात एवढा भांडलास कशाला, आणि बोलणं का टाकलंस?"

"मग काय करू? इंजिन बाहेर काढायला निघालात तुम्ही. फोटो निघाले असते, गावभर झाले असते. जिथे होतं तिथे राहू दिलं असतं, तर कुणाला काही कळलं नसतं. तुला झाकायला मी घसा कोरडा केला, आणि तू आपला म्हणतोस, देऊ या रूबेनकडे."

"मी ते खोक्यात घालून पुरणार होतो."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि व्हर्न हसायला लागला. व्हर्नला असं हसताना लाइलने कधी पाहिलं नव्हतं. खोकत खोकत तो स्टँडला धरून उभा राहिला. "मूर्ख आहोत आपण," तो म्हणाला. "दोघंही."

बाहेर गॉर्डी दार ठोठावत होता. व्हर्नने कोरा कागद हातात घेतला. "मी सांगतो की छाप नीट उठत नाही. गंजलंय म्हणतो. ऐकतील माझं."

"नको," लाइल म्हणाला. "पुरे झालं आता."

त्याने स्वतः दार उघडलं. नाकावर ग्रीस, डोळे सुजलेले. डोनट खाणारे हात थांबले. कॉलीन पुढे आली. "डॅड, काय झालं?"

"नंबर खोटा आहे," लाइल म्हणाला. "मीच ठोकलाय, ब्याऐंशी साली. मूळचं इंजिन मी चौऱ्याहत्तरला फोडलं. व्हर्नचा यात काही दोष नाही. मी त्याला फसवलं, आणि तो फसला."

तो एवढं म्हणतो न म्हणतो, तोच व्हर्न त्याला कोपराने सारून पुढे आला. कान परत लाल झाले होते.

"मी कशाला फसतोय?" तो म्हणाला. "मला त्याच दिवशी कळलं होतं. माहीत असून मी अस्सल लिहिलं. खोटं लिहिलं, मला काढून टाका परीक्षक म्हणून, हरकत नाही. पण सॉबचॅकला दिसलं नाही असं कुणी म्हणायचं नाही. आडव्या रेघा आहेत, ढळढळीत. आंधळ्यालाही दिसतील."

मग गॉर्डीने डोनटचा उरलेला तुकडा तोंडात टाकला आणि विचारलं, "म्हणजे आता फ्लोअर कापला तर कुणाची हरकत नाही ना?"

आधी रूबेन हसला, मग कॉलीन, मग सगळेच. दोघं-तिघं गंभीर तोंडं करून निघून गेले, हेही खरं. त्यातल्या एकाने जाताना लाइलकडे बघितलं नाही, आणि ते लाइलला लागलं. पण कॉलीनने त्याच्या नाकावरचं ग्रीस अंगठ्याने पुसलं आणि म्हणाली, "एवढ्यासाठी, कुणी बॉनेटखाली डोकावेल म्हणून, तुम्ही माझ्या कॉलेजच्या पदवीदानाला गाडी आणली नव्हतीत?" लाइलने मान डोलावली, आणि त्याचा जीव एकदाचा भांड्यात पडला.

नंतरच्या वर्षी ऑगस्टमधल्या प्रदर्शनाला फ्लिंटमधल्या सॅगिनॉ स्ट्रीटच्या विटांच्या रस्त्यावर शेव्हेल आली ती ट्रेलरविना. लाइल स्वतः चालवत आला, काचा वर, एसी चालू. बॉनेट उघडून ठेवलं आणि गर्दी जमली. हे किती चांगलं झालंय आणि किती वाईट, यावर दोन तट पडले आणि भांडायला लागले. तिकडे क्लबच्या हॉलमध्ये जुनं इंजिन स्टँडवर आहे. वर फ्रेममध्ये पेन्सिलीचा छाप, आणि खाली व्हर्नच्या अक्षरात लिहिलंय: नंबर खोटा. परीक्षकाला माहीत होतं.

दुपारी एक बाई गाडीपाशी आली. उजव्या चाकाजवळ उभी राहून पार आतपर्यंत वाकली. तिथे तिला अडवायला कुणी नव्हतं. ती सरळ उभी राहिली आणि इकडेतिकडे बघू लागली.

"गाडीचे मालक कुठे आहेत? मला इंजिनाबद्दल थोडं विचारायचं होतं."

रस्त्यापलीकडे झाडाच्या सावलीत दोन घडीच्या खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर लाइल, टोपी नाकावर ओढलेली, तोंड उघडं. दुसऱ्या खुर्चीवरून व्हर्नने हात वर केला.

"मला विचारा," तो हळू आवाजात म्हणाला. "तो झोपलाय."