खिडकीसमोरचं कपाट

मित्रांनो, तळोद्याजवळच्या एका गावात चौथीच्या वर्गात उभं असलेलं लोखंडी कपाट मी. वय बावीस, उंची साडेसहा फूट, रंग हिरवा. आणि स्वभाव, खरं सांगायचं तर, जरा गर्विष्ठ.

गर्व का नसावा? बाजारपेठेतल्या दीपचंद शेठनी आईच्या आठवणीसाठी मला शाळेला दिलं. माझ्या दारांवर पांढऱ्या रंगात 'कै. प्यारीबाई यांच्या स्मरणार्थ' असं मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं. वर्गात पाऊल टाकताच ते नाव दिसावं, म्हणून मला थेट दारासमोरच्या खिडकीपुढे उभं केलं. खिडकी पूर्ण झाकली गेली. तेव्हा कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. मलाही नाही.

पोटात पुस्तकं, खडू, लेझीम. डोक्यावर मात्र जे कुठेच मावेना ते सगळं चढत गेलं. वजनकाटा, जुनी रजिस्टरं, बंद पडलेला पंखा. वर्गात भर दुपारी दोन ट्यूबलाइट जळायच्या, आणि वीज गेली की मुलं वह्या घेऊन ओट्यावर जायची. कुणी मला सरकवायचं नाव काढलं की शिपाई उखादादा म्हणायचे, "शेठना मायनं नाव शे. हालवानं नही!" ते ऐकून मी आणखी ताठ व्हायचो.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी जमीन हलली. चार-पाच सेकंदांचाच धक्का. पण मी पुढे झुकलो, मागे भिंतीवर आपटलो, आणि डोक्यावरचा पंखा निसटून पहिल्या बाकावर कोसळला. बाकाची लिहायची फळी दुभंगली. तिथे बसणारी दामिनी नेमकी पाणी प्यायला उठली होती. मित्रांनो, त्या फळीकडे बघून मला माझीच भीती वाटली. इतकी वर्षं मी त्या लेकरांच्या डोक्यावर उभा होतो आणि स्वतःला शाळेची शान समजत होतो!

आमच्या वर्गशिक्षिका रमिला मॅडम जिद्दीच्या. त्यांनी त्याच दिवशी माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवलं. दुसऱ्या दिवशी मला कोपऱ्यात नेऊन भिंतीला पक्कं कसायचं ठरवलं, आणि सकाळीच शेठना बोलावलं.

सत्तरी ओलांडलेले शेठ आले. मॅडमचं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या दारावर हात ठेवून हळूच म्हणाले, "मन्ही मायनं नाव शे. तठे अंधारा कोपरामा कोन वाचई?"

 दामिनी पुढे आली. "शेठजी, मी याना खालेच बसस. काल पानी पेवाले उठनू, म्हनिसन वाचनू."

शेठ गुडघे धरत त्या फुटक्या बाकावर बसले आणि मान वर करून माझ्याकडे बघू लागले. बराच वेळ बघत राहिले. त्यांचे डोळे भरले. "मन्ही मायनं नाव पोरेसवर पडाले नको," ते म्हणाले. "कसी टाका याले."

उखादादांनी आणि गावच्या मिस्त्रीने मला सरकवलं. मागे लोखंडी पट्ट्या लावून भिंतीत बोल्ट ठोकले. जड पुस्तकं खालच्या कप्प्यात गेली. बांधून घेताना मला राग आला, हे कबूल करतो. पण तेवढ्यात मॅडमनी खिडकी उघडली. बावीस वर्षांनी ऊन आत आलं, वारा आला, आणि ते ऊन समोर माझ्या कोपऱ्यापर्यंत पोहोचलं. उखादादांनी दोन्ही ट्यूबलाइट बंद केल्या. तरीही प्यारीबाईंचं नाव बाकावरून स्वच्छ वाचता येत होतं. आता त्या ट्यूबलाइट दिवसा सहसा लागतच नाहीत.

परवा पुन्हा बारीकसा धक्का बसला. मुलं शिकवल्याप्रमाणे बाकांखाली गेली, मग रांगेने मैदानात आली. मी तसूभरही हललो नाही. आता माझा गर्व एवढाच आहे.

मित्रांनो, उद्या वर्गात गेलात की कपाटाच्या डोक्यावर काय ठेवलंय आणि ते भिंतीला कसलंय का, तेवढं बघा. त्याने एखादी खिडकी तर अडवली नाही ना? यातलं काही चुकीचं दिसलं तर गुरुजींना सांगा. कुणी ऐकलं नाही तर पुन्हा सांगा. आम्हा कपाटांना स्वतःहून बाजूला होता येत नाही.